न सुटलेला पहारा

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेमध्ये एका सामान्य पहारेकऱ्याच्या आयुष्यातील एक दुपार आणि त्या दुपारने व्यापून टाकलेली पुढील वर्षे यांचे वर्णन यथाशक्ती करण्याचे योजिले आहे. या कथेत राजा नाही, रणांगण नाही आणि अंगावर रोमांच उभे करणारी लढाईही नाही. एक फाटक आहे, एक पहारेकरी आहे आणि त्याच्या नावापुढे लिहिला गेलेला एक शब्द आहे. तो शब्द पुसला जावा म्हणून त्याने काय काय केले आणि अखेरीस काय घडले, हे वाचकांनी शांत चित्ताने वाचावे, एवढीच विनंती.

“बाबा, आधी बसा पाहू. तुम्ही असे ताठ उभे राहिलात की मलाच आरोपी असल्यासारखं वाटतं.”

वकीलबाईंनी असे म्हणून समोरच्या खुर्चीवरील फायलींचा ढीग उचलून जमिनीवर ठेवला. त्यांची कचेरी म्हणजे एका चष्म्याच्या दुकानावरची चिंचोळी खोली होती. पंखा फिरत होता, परंतु वारा कोणाच्याही वाट्याला येत नव्हता. पहारेकऱ्याची बायको केव्हाच खुर्चीत बसून पदराने वारा घेत होती. तो मात्र दाराशी उभा होता. टाचा जुळलेल्या, हात बाजूला, नजर समोरच्या भिंतीवर.

त्याला सुरक्षा दलात सगळे ‘खांब’ म्हणत. नोकरीला लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात हे नाव पडले. भर दुपारी फाटकावर उभ्या असलेल्या या माणसाच्या खांद्यावर कावळा येऊन बसला आणि हा हलला नाही, अशी कथा त्याचे मित्र हसत हसत सांगत. कावळा खरोखर बसला होता की नाही, हे देव जाणे. परंतु नाव मात्र कायमचे बसले. तेव्हा ते कौतुकाचे होते.

“बसतील हो ते,” बायको म्हणाली. “घरीसुद्धा असंच. पाहुणे आले की पाहुणे बसतात, हे उभे.”

वकीलबाईंनी बडतर्फीचा कागद डोळ्यांसमोर धरला व मोठ्याने वाचला. “कर्तव्यात कसूर. वरिष्ठांची आज्ञा मोडणे. आणि संकटसमयी भ्याडपणा.” त्यांनी चष्म्यावरून वर पाहिले. “तीन आरोप. तिन्ही सिद्ध. ठीक आहे, आपण वरच्या न्यायालयात आव्हान देऊ. नोकरी, थकलेला पगार, निवृत्तिवेतन, सगळं मागू.”

“बाई,” खांब प्रथमच बोलला, “पहिले दोन राहू द्या. तिसरा तेवढा खोडून घ्या.”

“म्हणजे?”

“कसूर म्हणा, आज्ञा मोडली म्हणा. माणूस आहे, होतं. पण तो तिसरा शब्द नको.”

वकीलबाई हसल्या. “माझ्याकडे येणारी माणसं उलटं सांगतात. म्हणतात, आम्हाला काय वाटेल ते म्हणा, पण नोकरी तेवढी परत द्या.”

“त्यांचं ऐकू नका बाई,” बायकोने घाईने सांगितले. “आम्हाला सगळंच पाहिजे. दलाची खोली गेली, आता भाड्याच्या घरात राहतोय. शब्द काही चुलीवर शिजत नाही.”

खांबाने बायकोकडे पाहिले नाही. भिंतीकडेच पाहत तो म्हणाला, “शिजत नाही. पण नरड्याखाली उतरतही नाही.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले व म्हणाल्या, “बरं, मग त्या दुपारी काय झालं ते सगळं सांगा. पण बसून.”

तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

हकीकत अशी होती. संपूर्ण शहराचे पाणी जेथे शुद्ध होते, त्या जलशुद्धीकरण केंद्राच्या मागील फाटकावर खांबाची नेमणूक होती. मागील फाटकातून क्लोरीन वायूच्या टाक्या घेऊन येणारे ट्रक आत येत. एरवी तिकडे कोणी फिरकत नसे. फाटकापासून हाकेच्या अंतरावर त्या टाक्यांची शेड होती. पहारेकरी बदलण्याची एक रीत त्या दलामध्ये जुन्या काळापासून पाळली जात असे. पाळी संपलेला पहारेकरी येणाऱ्याकडे पाहून मोठ्याने म्हणे, “फाटक दिलं.” येणारा तितक्याच मोठ्याने उत्तर देई, “फाटक घेतलं.” हे ‘घेतलं’ कानावर पडेपर्यंत पहिल्याचा पहारा सुटत नसे. ज्या उस्तादाने खांबाला शिकवले, तो म्हणे, “घड्याळ पाहून सुटतो तो कारकून. ‘घेतलं’ ऐकून सुटतो तो पहारेकरी. मधल्या वेळात आभाळ कोसळलं, तरी ते फाटकावर उभं राहून डोक्यावर घ्यायचं.”

त्या दुपारी खांबाची पाळी संपत आली होती आणि त्याची जागा घ्यायला त्याचा जोडीदार चालत येत होता. या जोडीदाराला सगळे ‘भोंगा’ म्हणत. त्याचा आवाज एवढा मोठा होता की, तो पुढच्या फाटकावर शिंकला तर मागच्या फाटकावरचा माणूस ‘शंभर वर्षं जग’ म्हणे. दोघांची भरती एकाच दिवशीची. एकाचे तोंड उघडत नसे आणि दुसऱ्याचे मिटत नसे, म्हणून दोघांचे उत्तम जमत असे.

भोंगा जवळ आला. खांब म्हणाला, “फाटक दिलं.” भोंग्याने उत्तरासाठी तोंड उघडले आणि त्याच क्षणी धोक्याची शिटी वाजू लागली. शेडच्या दारातून पिवळट हिरवा धूर जमिनीलगत पसरत बाहेर येत होता. ध्वनिक्षेपकावरून सुरक्षासाहेबांचा आवाज आला, “सगळे पहारेकरी शेडकडे! जिथे असाल तिथून शेडकडे!” भोंगा गर्रकन वळला आणि धावत सुटला. त्याने ‘घेतलं’ म्हटले नाही.

“आणि तुम्ही?” वकीलबाईंनी विचारले.

“मी उभा राहिलो.”

“का?”

“फाटक माझ्याकडेच होतं ना बाई.”

तो उभा राहिला. वाऱ्याबरोबर तो उग्र वास आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, छाती आवळून आली. त्याने दोन्ही हातांनी फाटकाचे गज धरून ठेवले. आतून आरडाओरडा ऐकू येत होता. अग्निशमन दलाची गाडी आली, ती पुढील फाटकाने. रुग्णवाहिका आली, तीही पुढील फाटकानेच. मागील फाटकाकडे त्या संपूर्ण वेळात मांजरही फिरकले नाही. सर्व शांत झाल्यावर लोक त्याच्याकडे आले, तेव्हा त्याची बोटे गजांवरून सोडवावी लागली. भोंग्याने दोन कामगारांना ओढत बाहेर आणले होते. ते दोघेही वाचले. भोंगाही वाचला, परंतु वायूने त्याचा घसा कायमचा जाळून टाकला.

“एकीकडे नियम सांगतो, बदली पहारेकरी आल्याशिवाय जागा सोडू नये. दुसरीकडे हुकूम सांगतो, सोडा,” वकीलबाई स्वतःशीच बोलत होत्या. “चौकशीत हे मांडलंत?”

“मांडायला कोणी विचारलंच नाही. साहेब एवढंच म्हणाले, मी ओरडून हुकूम दिला तो तुला ऐकू आला की नाही? मी म्हटलं, आला. संपली चौकशी.”

वकीलबाईंचा हात थांबला. “थांबा. कोण म्हणालं असं? चौकशी अधिकारी कोण होते?”

“सुरक्षासाहेब.”

“ध्वनिक्षेपकावरून ओरडले तेच?”

“तेच की.”

“म्हणजे हुकूम देणारे तेच, तो मोडला म्हणून सांगणारे साक्षीदारही तेच, आणि वर निवाडा करणारेही तेच?” त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “बाबा, हे तुम्ही इतके दिवस पोटात ठेवलंत?”

खांब गोंधळला. “त्यात काय सांगायचं, बाई? साहेब तेच, मग चौकशी दुसरा कोण करणार? घरात थोरला भाऊच मारतो आणि न्यायनिवाडाही थोरला भाऊच करतो.”

“घरात चालतं, कायद्यात नाही.” वकीलबाईंच्या चेहऱ्यावर भुकेल्या माणसाला ताट दिसावे तसा आनंद पसरला. “आपण जिंकणार. मला आता तुमचं शौर्यही नको आणि तुमची भीतीही नको. मला चौकशीतली खोट हवी होती, ती मिळाली.”

बायकोने समाधानाने सुस्कारा सोडला. खांब मात्र पुन्हा उभा राहिला होता.

येथपासून तारखांचा प्रवास सुरू झाला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे जे म्हणतात, ते या पायऱ्या चढताना गुडघे झिजतात म्हणून असावे, असे खांबाला वाटू लागले. कधी दुसऱ्या पक्षाचे वकील आजारी असत, कधी न्यायाधीश रजेवर असत, कधी यादीत नाव इतके खाली असे की तेथवर पोहोचण्याआधीच न्यायालय उठे.

भाड्याचे घर एका गल्लीच्या टोकाला होते. तेथे त्याला एक सवय जडली होती. दुपारी, पाळी बदलण्याची वेळ झाली की, तो घराच्या उंबऱ्यात येऊन उभा राही. कोणाची वाट पाहत असल्यासारखा गल्लीच्या तोंडाकडे पाही. काही वेळाने आत येई. बायकोने सुरुवातीस रागावून पाहिले, मग हसून पाहिले. शेवटी तिने जुन्या बाजारातून एक लाकडी स्टूल आणले व उंबऱ्याशी ठेवले.

“उभंच राहायचं तर टेकून तरी राहा. पाय सुजतात संध्याकाळी. मग तेल मीच चोळायचं.”

“असू दे.”

“असू दे काय? फाटक आहे का हे? चोर आला तर काय नेणार इथून? तुम्हालाच नेईल फार तर, आणि दोन दिवसांत परत आणून सोडेल.”

तो हसला, पण बसला नाही. स्टुलावर मग ती भाजी निवडू लागली.

समोरच्या घरातील मुलांनी त्याचे नाव कोठून तरी ऐकले होते. ती चेंडू खेळताना म्हणत, “ए, चेंडू खांबाकडे गेला रे! तो काही हलत नाही, तूच जा.” मुलांना त्यातील विष ठाऊक नव्हते. दलाच्या वसाहतीत मात्र शेवटच्या दिवसांत मोठी माणसे हेच नाव वेगळ्या सुरात उच्चारत. कौतुकाचे नाणे फिरवले की मागच्या बाजूला टोमणा असतो, हे त्याला तेथे समजले. लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही सासरी कोणी तरी विचारले होते, “तुझे वडील ते पळाले तेच का?” मुलीने उत्तर दिले होते, “पळाले असते तर बरं झालं असतं. ते हललेच नाहीत.” हे बोलताना ती रडली होती की चिडली होती, हे सांगणाऱ्याने सांगितले नाही.

न्यायाधीशांसमोर काय बोलायचे, हे त्याने पाठ करून ठेवले होते. सकाळी दाढी करताना तो आरशातील माणसाला ते सांगे. “न्यायमूर्ती महाराज, मी फाटक सोडलं नाही, कारण ते माझ्याकडून कोणी घेतलं नव्हतं. माझा जोडीदार आत गेला. मी बाहेर राहिलो. पण मी लपलो नाही. मला सगळ्यांनी पाहिलं, मी उघड्यावर उभा होतो.” येथवर ते उत्तम जमे. पुढे “आणि मी भ्यालो नव्हतो” असे वाक्य होते. तेथे आला की, वस्तरा गालावरच थांबे.

एकदा बायकोने ते पाहिले. चहाचा कप हातात धरून ती दारात उभी होती.

“रोज तिथंच का अडता?”

“साबण वाळतो.”

“साबण नाही वाळत.” तिने कप खाली ठेवला. “इतकी वर्षं विचारलं नाही, आज विचारते. मला खरं सांगा. भ्यालात का तुम्ही?”

खांबाने आरशातच तिच्याकडे पाहिले. अर्धा चेहरा फेसाने पांढरा होता.

“माहीत नाही गं,” तो म्हणाला. “पाय हलले नाहीत, एवढं खरं. उस्तादांचा शब्द आठवला म्हणून हलले नाहीत, का तो धूर बघून हलले नाहीत, ते मलाच कळत नाही. कधी वाटतं हे, कधी वाटतं ते. कोणी तरी शहाण्या माणसानं सगळं ऐकून घ्यावं आणि मला सांगावं, की बाबा, असं होतं. म्हणून तर कोर्टात जातोय.”

तिने टॉवेल उचलून त्याच्या खांद्यावर टाकला व गार झालेला चहा पुन्हा गरम करायला नेला.

निवृत्तीचे वय ज्या दिवशी पूर्ण होत होते, तो दिवसही असाच आला आणि गेला. दलामध्ये त्या दिवशी निवृत्त होणारा पहारेकरी शेवटचा पहारा देत असे. सर्व सहकारी जमत. नवा माणूस मोठ्याने ‘फाटक घेतलं’ म्हणे आणि म्हातारा टोपी काढून हातात घेऊन घरी जाई. खांबाने अशा कित्येकांना निरोप दिला होता. त्या दुपारी तो उंबऱ्यात नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ उभा राहिला. गल्लीतून एक भंगारवाला तेवढा गेला.

अखेरीस सुनावणीचा दिवस उजाडला. खांबाने इस्त्री केलेला पांढरा सदरा घातला होता. न्यायालयाचे दालन उंच होते आणि वकिलांच्या काळ्या कोटांनी भरून गेले होते. तो मागील भिंतीशी टाचा जुळवून उभा राहिला.

“बसा हो काका,” दारावरचा शिपाई कुजबुजला. “तुम्ही उभे राहिलात की लोकांना वाटतं तुमचाच नंबर आलाय.”

“माझाच येणार आहे.”

“आला तरी तुम्हाला कोणी विचारत नाही. इथं वकीलच बोलतात. साक्षीपुरावा खालच्या कोर्टात होतो, इथं वर नुसता कायदा.”

खांबाला वाटले, शिपाई थट्टा करतो आहे. परंतु ते खरे होते. नाव पुकारले गेले. वकीलबाई बोलल्या, समोरचे वकील बोलले. ‘नैसर्गिक न्याय’, ‘पक्षपात’, ‘स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश’ असे शब्द ये-जा करीत होते. समोरचे वकील एकदा म्हणाले, “पण महाराज, आरोप गंभीर आहे, भ्याडपणाचा,” तेव्हा खांब एक पाऊल पुढे सरकला. न्यायाधीशांनी हात किंचित उंचावला व म्हणाले, “त्यात आम्ही शिरत नाही. ज्यानं हुकूम दिला त्यानंच चौकशी केली, हे तुम्हाला मान्य आहे की नाही?” समोरच्या वकिलांनी कागद चाळले व मान्य केले. चहा गार होण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात सर्व आटोपले. न्यायाधीशांनी शेवटपर्यंत मागच्या भिंतीकडे पाहिले नाही.

बाहेरच्या ओसरीवर वकीलबाईंनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. “जिंकलो बाबा! चौकशी बेकायदा, बडतर्फी रद्द. वय उलटलं म्हणून परत कामावर जाता येणार नाही, पण निवृत्त होईपर्यंत तुम्ही नोकरीतच होता असं धरायचं. निवृत्तिवेतन चालू. आणि इतक्या वर्षांनी पुन्हा चौकशी करायची नाही, असंही सांगितलंय.”

बायकोने डोळ्यांना पदर लावला. “बाई, तुमचे हात सोन्याचे.”

“आणि तिसरा शब्द?” खांबाने विचारले.

“सगळंच रद्द झालं म्हणजे तोही गेला.”

“खोटा होता, असं म्हणाले का ते?”

वकीलबाई क्षणभर थांबल्या. दुसऱ्या एका प्रकरणाची फाईल त्यांच्या काखेत होती आणि त्यांचा कारकून त्यांना खुणावत होता. तरीही त्या थांबल्या. “नाही. खोटा म्हणाले नाहीत आणि खराही म्हणाले नाहीत. ती चौकशी झालीच नाही, असं समजायचं.”

“म्हणजे त्या दुपारी काय झालं, ते कोणी विचारलंच नाही.”

“नाही, बाबा.” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “ते विचारायची सोय इथं नाही.”

खांबाने मान डोलावली. त्याने त्यांना नेहमीप्रमाणे कडक सलाम केला. परंतु दुपारी, जिंकलेल्या माणसाच्या उंबऱ्यात, तो पुन्हा उभा राहिला.

निवृत्तीच्या कागदांवर सही करण्यासाठी त्याला जलशुद्धीकरण केंद्रात बोलावणे आले. पुढील फाटकावर आता आपोआप उघडणारा आडवा दांडा होता आणि काचेच्या खोलीत परवाने देण्याची व्यवस्था होती. काचेमागे बसलेल्या माणसाने मान वर केली. तो भोंगा होता.

त्या दुपारनंतर दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. भोंग्याला पदक मिळाले होते, बसून करायचे हलके काम मिळाले होते. अंगाने तो निम्मा झाला होता. गळ्याभोवती त्याने रुमाल गुंडाळला होता. त्याने परवाना लिहिला, काच सरकवली आणि स्वतःच टोपी घालून बाहेर आला. बाहेरच्या माणसाला एकट्याने आत फिरू द्यायचे नाही, हा तेथील नियम होता.

“बाहेरचा माणूस मी,” खांब म्हणाला.

भोंग्याने खांदे उडवले. मग त्याच्या तोंडून आवाज निघाला. लाकडावर कानस घासावी, तसा तो आवाज होता. “नियम... तुला आवडतात ना.”

सही झाली. कारकुनाने अभिनंदनही केले. बाहेर आल्यावर खांब परत फिरण्याऐवजी मागील बाजूस चालू लागला. भोंग्याने त्याला अडवले नाही. शेडला नवा रंग दिलेला होता. आणि मागील फाटक नव्हतेच. त्या जागी विटांची भिंत बांधून टाकली होती. ट्रक आता पुढूनच येत. भिंतीच्या बुडाशी फाटकाचा लोखंडी रूळ थोडासा उरला होता, त्याभोवती गवत माजले होते.

खांब आपल्या जुन्या जागेवर, भिंतीकडे पाठ करून उभा राहिला. भोंगा समोर, जेथून तो त्या दुपारी वळला होता, साधारण तेथेच थांबला.

“एक विचारू?” खांब म्हणाला. “त्या दिवशी शब्द का नाही दिलास? शिटी वाजली म्हणून राहिला?”

श्वास घेत, थांबत थांबत भोंग्याने सांगितले. “राहिला नाही. तोंडापर्यंत आला होता. गिळला.”

“का?”

“म्हटला असता... तर फाटक माझं झालं असतं. मला थांबावं लागलं असतं.” त्याने शेडकडे बोट दाखवले. “धाकटा भाऊ आत होता. पाळी बदलून आला होता त्या दिवशी. तुला ठाऊक नव्हतं.”

“भाऊ तर सुखरूप होता.”

“उपाहारगृहात बसला होता... लेकाचा. चहा पीत.” भोंगा हसला, परंतु ते हसू खोकल्यात बुडाले. खोकला थांबल्यावर त्याने डोळे पुसले. “मी शूर म्हणून नाही गेलो रे. भाऊ शोधायला गेलो. हाताला लागले ते दोघं ओढले. पदक गळ्यात आलं.”

“चौकशीत का नाही बोललास?”

“मला विचारलं, हा फाटकाशी उभा होता का? मी होकारार्थी मान डोलावली. का उभा होता, ते विचारलं नाही.” तो खाली पाहू लागला. “आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर... मी पण पहाऱ्याची जागा टाळून गेलो, असं झालं असतं. घसा गेला, नोकरी पण गेली असती. घाबरलो. त्या दिवशी नाही. नंतर.”

वारा वाहत होता. शुद्ध होणाऱ्या पाण्याचा एकसारखा आवाज कोठून तरी येत होता. खांबाच्या मनात इतक्या वर्षांचे सर्व बोल एकाच वेळी दाटले. मुलीच्या सासरचा प्रश्न, गल्लीतील मुलांचा चेंडू, सोडलेली खोली, आरशासमोर थांबणारा वस्तरा. त्याचे हात मागे गेले आणि गज शोधू लागले. तेथे वीट लागली.

“घसा दुखतो का अजून?” त्याने विचारले.

भोंग्याने मान डोलावली. “बोललं की.”

“मग कशाला एवढं बोललास?”

“तू विचारलंस.”

खांबाने दीर्घ श्वास घेतला. “खरं सांगू? तू शब्द दिला असतास, तर मी आत धावलो असतो की नाही, ते मला आजही माहीत नाही. कोर्टालाही नाही. राहू दे ते आता.” त्याने टाचा जुळवल्या. नजर भोंग्याच्या डोळ्यांना भिडवली आणि पूर्वीच्याच मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाला, “फाटक दिलं.”

भोंगा दचकला. त्याने भिंतीकडे पाहिले, गवताकडे पाहिले, मग खांबाकडे पाहिले. त्याने टोपी नीट केली, गळ्याचा रुमाल सोडला आणि ताठ उभा राहिला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. ज्या आवाजाने एके काळी दोन्ही फाटके जोडली जात, त्यातील जे काही शिल्लक होते, ते सर्व गोळा करून तो म्हणाला, “फाटक... घेतलं.”

तो आवाज दहा पावलांच्या पलीकडे गेला नसेल. परंतु तेवढे अंतर पुरेसे होते. खांब डावीकडे वळला आणि भोंग्याच्या पुढे होऊन चालू लागला. भोंगा मात्र तेथून लगेच निघाला नाही. परवान्याच्या खोलीबाहेर लोक ताटकळत असतील, हे ठाऊक असूनही तो त्या भिंतीपाशी काही वेळ तसाच उभा होता.

दुपारी पाळी बदलण्याची वेळ झाली. बायकोने स्वयंपाकघरातून पाहिले. तो उंबऱ्याकडे गेला होता. तिने पायांसाठी तेलाची वाटी काढून ठेवली आणि भाजीची पाटी घेऊन बाहेर आली. स्टुलावर तिला जागा नव्हती. तो तेथे बसला होता. पाठ भिंतीला टेकलेली, पाय सैल पसरलेले, डोळे मिटलेले. समोर मुलांचा चेंडू घरंगळत येऊन त्याच्या पायाला लागून थांबला. त्याने डोळे न उघडताच पायाने तो परत ढकलला.

बायको त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि मांडीवर पाटी घेऊन भाजी निवडू लागली.

येथे ही कथा समाप्त होते. माझ्यासारख्या अल्पशिक्षित माणसाच्या ओळी आपण शेवटपर्यंत वाचल्या, त्याबद्दल वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार मानतो आणि आपली रजा घेतो.

आपला नम्र,
‘शिट्टीमास्तर’
(सुरक्षा दलातील एक निवृत्त पहारेकरी)